झाड उभं असतानाची कविता



आमच्या तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडसमोर एक वड होता. रस्ता रुंद करायचा म्हणून तो तोडला. त्यानंतर आठवड्याभरानं आम्ही कवी मंडळी जमलो आणि वडाच्या आठवणींचं एक छोटंसं कविसंमेलन केलं. मीही कविता वाचली. टाळ्या पडल्या. व्यासपीठावरून खाली उतरलो, तर त्या वडाखाली वर्षानुवर्षं शेंगा-फुटाणे विकणाऱ्या मावशी समोर उभ्या. म्हणाल्या, "कविता चांगली झाली रे बाबा. पण वड उभा होता तेव्हा का नाय म्हटलीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्हा कवींची एक खोड आहे. नदी आटली की आम्ही नदीवर लिहितो, चाळ पाडली की चाळीवर लिहितो. म्हणजे आमचं सगळं काम मयताच्या जेवणाला वेळेवर पोचण्याचं. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला केरळातल्या काही कवींची हकिकत आठवली. पन्नासेक वर्षांपूर्वी त्यांनी एका जंगलासाठी कविता म्हटली, आणि ती जंगल उभं असताना म्हटली. आज तीच हकिकत सांगणार आहे.

ते जंगल म्हणजे सायलेंट व्हॅली. केरळच्या पालघाट म्हणजे पालक्काड जिल्ह्यात, निलगिरीच्या नैर्ऋत्य अंगाला हे वर्षावन आहे. आपल्या सह्याद्रीचीच ही दक्षिणेकडची लेकरं. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट १८४७ मध्ये इथे फिरले. इंग्रजी नाव कसं पडलं याच्या निरनिराळ्या कथा सांगतात. एक कथा अशी की इतर जंगलांत रातकिड्यांची जी किरकिर असते, ती इथे ऐकू येत नाही, म्हणून ही 'शांत दरी'. पण जुनं नाव आपल्या ओळखीचं आहे, सैरंध्रीवन. अज्ञातवासात विराटाच्या घरी राहताना द्रौपदीनं घेतलेलं हे नाव. आपल्याकडे खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकानं सैरंध्री घरोघरी पोचवली. १९०७ साली आलेलं ते नाटक इंग्रज सरकारनं १९१० मध्ये बंद केलं. या जंगलातून जी नदी वाहते तिचं नाव कुंतीपुळा. 'पुळा' म्हणजे नदी. म्हणजे सासू नदी झाली आणि सून जंगल झाली. पांडव इथून गेले अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. आपल्याकडेही डोंगराडोंगरांत पांडवांनी खोदलेली लेणी दाखवतातच की!

या कुंतीपुळेवर धरण बांधायचं ठरलं. नियोजन आयोगानं १९७३ मध्ये मंजुरी दिली. २४० मेगावॉट वीज मिळणार होती आणि सुमारे ८३० हेक्टर जंगल पाण्याखाली जाणार होतं. समर्थकांचं म्हणणं सरळ होतं. सगळी दरी ८,९५२ हेक्टरांची आहे, बुडणार त्यातला दहावा हिस्सासुद्धा नाही. उत्तर केरळ, म्हणजे मलबार, मागासलेला. तिथे वीज हवी, कारखाने हवेत, हातांना काम हवं. यात खोटं काही नव्हतं.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी वीज नको म्हणणाऱ्यांतला नाही. माझा जन्म चिपळूण तालुक्यातला. कोयनेचं पाणी डोंगर पोखरून आमच्या बाजूला पोफळीला उतरतं आणि तिथे वीज होते. तरी आमच्या घरात दिवा यायला माझं अर्धं बालपण गेलं. पहिल्या दिवशी बटण दाबलं तेव्हा आमच्या आजीनं दिव्याला हात जोडल्यासारखं करून "बिस्मिल्ला" म्हटलं होतं. त्या उजेडासाठी पलीकडे साताऱ्याच्या बाजूला कोणाची गावं आणि कोणतं रान शिवसागराखाली गेलं, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. म्हणून मलबारातल्या ज्या माणसाला धरण हवं होतं, त्याला मी खलनायक म्हणणार नाही.

मग प्रश्न होता तो नेमका कोणता? बुडणारा तो दहावा हिस्सा म्हणजे दरीचा तळ होता, नदीकाठचं सगळ्यात दाट रान. वर्षावन म्हणजे सारखी मापं घेऊन शिवलेली गोधडी नसते, की एक तुकडा काढला तर बाकीची तशीच राहील. इथे सिंहपुच्छ माकड राहतं. काळं अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. जगात ते फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात सापडतं. ते झाडाच्या शेंड्यांवरून फिरतं, जमिनीवर सहसा उतरत नाही. कुलेनिया नावाच्या काटेरी फळांच्या झाडावर त्याची मोठी भिस्त असते. अशा प्राण्याला सलग छत लागतं. मध्ये पाणी आलं, रस्ता आला, मजुरांच्या वस्त्या आल्या, की त्याचं घर तुटलं. शिवाय या दरीच्या गाभ्यात माणसांची वस्ती नव्हती, त्यामुळेच ती इतकी अभंग राहिली होती. ती पुन्हा कोणाला लावता येणार नव्हती.

हे सगळं आधी शास्त्रज्ञांनी सांगितलं, कवींनी नव्हे. केंद्र सरकारच्या पर्यावरणविषयक समितीनं एक अभ्यासगट नेमला. त्याचे प्रमुख होते आपल्या मुंबईचे जफर फतेहअली. त्या गटानं सांगितलं, प्रकल्प सोडून द्या. अगदीच करायचा असेल तर अमुक अमुक संरक्षक अटी पाळा. सरकारं मोठी हुशार असतात. त्यांनी पहिलं वाक्य सोडलं आणि दुसरं धरलं. अटी पाळतो म्हणाले आणि पुढे निघाले. १९७७ मध्ये एम. के. प्रसाद या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी 'शास्त्रगती' या मल्याळम मासिकात लेख लिहिला. हे मासिक केरळ शास्त्र साहित्य परिषदेचं. ही संस्था १९६२ पासून शास्त्र लोकांच्या भाषेत नेण्याचं काम करत होती. परिषदेनं प्रकल्पाचा हिशेबच मांडला. वीज किती, खर्च किती, दुसरे मार्ग कोणते, हे सगळं आकड्यांत दाखवलं. प्रकल्प रद्द करा असं डॉ. सलीम अलींनीही आवाहन केलं.

सलीम अलींचं नाव आलं म्हणून एक गोष्ट सांगतो. १९३० साली अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. बहिणाबाईंनी त्या झुलत्या घरट्याचं कौतुक सुगरणीच्या पदरात टाकलं आहे. सलीम अलींनी तासन्‌तास बसून पाहिलं आणि लिहिलं, की घरटं विणतो तो नर. मादी येते, पारखते, पसंत पडलं तर संसार मांडते. आता यात बहिणाबाई खोट्या ठरल्या का? मला तसं वाटत नाही. घरटं कोण विणतं हे सलीम अलींकडून कळतं. ते मोडू नये असं मात्र महाराष्ट्राला बहिणाबाईंमुळे वाटतं. दोन्ही लागतं. केरळात नेमकं हेच घडलं.

कारण नुसत्या आकड्यांनी काम होत नव्हतं. केरळातले जवळजवळ सगळे मोठे पक्ष, डावे आणि उजवे, धरणाच्या बाजूनं होते. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीही प्रकल्प पुढे न्यावा असाच कौल दिला. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं, काही महिने काम थांबलं आणि २ जानेवारी १९८० रोजी न्यायालयानं याचिका फेटाळली. हा निर्णय सरकारचा, त्यात आम्ही पडत नाही, असा त्याचा मथितार्थ. दिल्लीत सरकार बदललं, इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या. फेरविचार होईपर्यंत काम थांबवा असं त्यांनी राज्याला सांगितलं. पण राज्याचा आग्रह कायम होता. जंगल अधांतरी लोंबकळत होतं.

अशा वेळी कवी एकत्र आले. १९८० मध्ये प्रकृती संरक्षण समिती उभी राहिली. पुढाकार एन. व्ही. कृष्ण वारियर यांचा. ते कवी, विद्वान, संपादक, सगळ्यांत वडीलधारे. समितीच्या कामाचा भार उचलला सुगतकुमारी यांनी. १९३४ साली जन्मलेल्या या कवयित्रीचे वडील बोधेश्वरन हेही कवी आणि स्वातंत्र्यसैनिक. बरोबर ओ. एन. व्ही. कुरुप, अय्यप्प पणिक्कर, विष्णुनारायणन नंबूतिरी, कडम्मनिट्ट रामकृष्णन.

ही नावं आपल्याला एका दमात घेता येतात, पण ही माणसं एका पंगतीतली नव्हती. पणिक्कर इंग्रजीचे प्राध्यापक, मल्याळम नवकवितेचे प्रवर्तक. नंबूतिरीही इंग्रजीचेच प्राध्यापक, पण वैदिक परंपरेतले. पुढे तर ते मंदिराचे मुख्य पुजारी झाले. कुरुप डाव्या चळवळीतले, त्यांची नाटकातली आणि सिनेमातली गाणी गावोगावी म्हटली जात. कडम्मनिट्टांचा आवाज आणि लय लोककलेतून आलेली. छंद पाळावा की मोडावा, कविता गावी की वाचावी, कविता कोणासाठी, यांवर यांच्यात मतभेद होते. आपल्याकडे एवढ्या भांडवलावर दोन साहित्य संमेलनं मोडली असती! या माणसांना जोडणारा धागा एकच होता, एकमेकांच्या कवितेचं वेड. आणि हेही लक्षात घ्या, की कुरुपांच्या विचारांचे लोक तेव्हा राज्यात सत्तेवर होते आणि त्यांना धरण हवं होतं. आपल्या माणसांच्या विरोधात उभं राहणं हे परक्यांच्या विरोधात उभं राहण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. हे मी अनुभवानं सांगू शकतो, पण तो आजचा विषय नाही.

त्यांनी केलं काय? कविता म्हटल्या. केरळात 'कवियरंगु' म्हणजे कवींची मैफल ही जुनी रीत आहे. आपलं कविसंमेलन किंवा मुशायरा म्हणा ना. ती त्यांनी शाळा-कॉलेजांत नेली, चौकात नेली. शास्त्र परिषदेची माणसं आकडे सांगायची आणि कवी कविता म्हणायचे. सुगतकुमारींची 'मरत्तिनु स्तुती', म्हणजे झाडाची स्तुती, ही कविता या चळवळीच्या सभांची जणू प्रार्थना झाली. सभा सुरू व्हायची ती तिनं. पणिक्करांनी मुलांना जंगलाबद्दल प्रश्न विचारणारी कविता लिहिली. पुढे अशा कवितांचा एक संग्रहही निघाला. त्याला नाव दिलं महाभारतातलं, 'वनपर्व'.

ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते जंगल कधी पाहिलेलं नव्हतं आणि आयुष्यात पाहणारही नव्हते. आकड्यांनी त्यांना पटलं असतं की जंगल मौल्यवान आहे. कवितेनं त्यांना ते आपलं वाटलं. माझ्या मते कवितेचं काम एवढंच होतं. एवढंच म्हणतो खरा, पण हे काम करणारं दुसरं कोणी तेव्हा नव्हतं.

टिंगल भरपूर झाली. या सगळ्यांना 'मरक्कवी' म्हणू लागले. मल्याळममध्ये 'मरम' म्हणजे झाड, आणि लाकूडही. म्हणजे झाडांचे कवी, आणि वर ठोकळे कवी. एका शब्दात दोन चपराका! माणूस मोठा की माकड मोठं, असं सभांतून विचारलं जाई. कवींना काय कळतं विजेतलं, हा प्रश्न तर ठरलेला. पण वीज कळणाऱ्यांचा अहवाल त्यांच्या शेजारीच मांडलेला होता. त्यामुळे टिंगल करणाऱ्यांना दोघांशी एकदम भांडावं लागत होतं.

इथे मला वैकम मुहम्मद बशीर यांची आठवण येते. मल्याळममधले ते फार मोठे कथाकार. 'तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे लिहिता?' असं मला आजही कोणी ना कोणी कौतुकानं विचारतं, तेव्हा मी बशीरांचं नाव सांगतो. मल्याळी माणसाच्या तोंडून बशीरांना असा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही. सायलेंट व्हॅलीचा वाद पेटायच्या सुमारास, १९७७ साली, त्यांची 'भूमीचे वारसदार' या अर्थाच्या नावाची कथा आली. एक लेखक नारळाची वाडी विकत घेतो. वटवाघळं येऊन कोवळे नारळ फस्त करतात. बायको चिडते, वटवाघळांना मारायचा बेत होतो. लेखक म्हणतो, या जमिनीवर त्यांचाही हक्क आहे. अल्लानं ही पृथ्वी एकट्या माणसाच्या नावावर सातबारा करून दिलेली नाही, एवढाच मुद्दा, पण बशीरांनी तो नवरा-बायकोच्या भांडणातून हसत-खेळत मांडला. म्हणजे माकड मोठं की माणूस मोठा, या प्रश्नाचं उत्तर प्रश्न विचारला जाण्याआधीच मल्याळम साहित्यात तयार होतं. चळवळीला जमीन अशी आधीपासून नांगरलेली मिळाली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९८० मध्ये राज्य सरकारनं राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं, पण धरणाची जागा तेवढी वगळून! वाद पुन्हा पेटला. मग प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ होते. सह्याद्रीतल्या देवरायांवर डॉ. वा. द. वर्तकांबरोबर त्यांनी केलेलं काम आपल्या परिचयाचं आहे. १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी धरणाच्या जागेसह ८९.५२ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्याआधी पंधराच दिवस इंदिरा गांधींची हत्या झाली होती. ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींनी उद्यानाचं उद्‌घाटन केलं.

कवींनी जंगल वाचवलं असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल आणि प्रसाद सरांवर, शास्त्र परिषदेच्या शिक्षकांवर अन्याय होईल. शेवटची सही तर पंतप्रधानांचीच होती. पण १९८० च्या जानेवारीत कोर्टात हरल्यावर हा प्रश्न लोकांच्या मनात जिवंत ठेवला, त्यांत कवींचा वाटा मोठा होता. आणि वेळ मिळणं हीच जंगलाच्या दृष्टीनं अर्धी लढाई असते.

याची किंमतही त्यांनी मोजली. सभेसाठी लिहिलेली प्रत्येक कविता उत्तम असते असं नाही. काही कविता घोषणेच्या अंगानं गेल्या, अशी टीका तेव्हाही झाली. कवीच्या आयुष्यातली वर्षं सभा, प्रवास, निवेदनं यांत जातात. सुगतकुमारींची तर पुढची सगळीच गेली म्हणायची. सायलेंट व्हॅलीच्या शेजारी अट्टप्पाडीचा आदिवासी मुलूख आहे. तिथलं रान तुटून डोंगर उघडे पडले होते. तिथल्या एका बोडक्या टेकडीवर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पुन्हा रान उभं केलं, त्याला 'कृष्णवन' नाव दिलं. निराधार स्त्रिया आणि मनोरुग्णांसाठी 'अभया' ही संस्था काढली. आरन्मुळा या त्यांच्या जन्मगावी विमानतळासाठी भातखाचरं जाणार होती, तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या सुगतकुमारी पुन्हा रस्त्यावर उतरल्या. काही लढाया जिंकल्या, काही हरल्या.

ओ. एन. व्हीं.ची १९८४ ची एक प्रसिद्ध कविता आहे, पृथ्वीसाठी लिहिलेलं मृत्युगीत. गंमत म्हणजे ते जिवंत असलेल्या पृथ्वीला उद्देशून आहे. तिचा शेवट होईल तेव्हा रडायला कोणी उरणार नाही, म्हणून कवी ते आधीच लिहून ठेवतो. पहिल्यांदा मला ही गोष्ट कळली तेव्हा आमच्या शेंगावाल्या मावशी आठवल्या. मावशींनी मला जे विचारलं, ते या माणसानं स्वतःला आधीच विचारलं होतं.

सुगतकुमारी २३ डिसेंबर २०२० रोजी करोनानं गेल्या. आपल्या मागे फुलं नकोत, पुष्पचक्रं नकोत, स्मारक नको. एक वड लावा, अशी त्यांची इच्छा होती.

आमच्या स्टँडसमोर आता रस्ता रुंद झाला आहे. मावशी पत्र्याच्या आडोशाला बसतात, दुपारी पत्रा तापला की डोक्यावर ओला टॉवेल घेतात. त्याच रस्त्यावर पुढे, नदीच्या वळणाला, जांभळीची आणि आंब्याची जुनी झाडं आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे पडले. एक ते सदतीस. मी मोजले.

आम्ही पाच-सहा कवी आहोत. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही, एकाला माझी गझल आवडत नाही आणि मला त्याचा मुक्तछंद सोसत नाही. रस्ता हवाच, हे आम्हा सगळ्यांना मान्य आहे. तो झाडांच्या पलीकडून नेता येईल का, याचा नकाशा गावातल्या एका निवृत्त ओव्हरसियरनी काढून दिला आहे. येत्या रविवारी सकाळी त्या झाडांखाली आधी ते नकाशा दाखवणार आहेत, मग आम्ही कविता म्हणणार आहोत. मावशींना आमंत्रण दिलं आहे. त्या म्हणाल्या, "येते. पण शेंगा घेऊन येते, धंदा बुडवायची नाय."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)